तेलाची बाटली आणि घाण्यावरची ढेप

व्यालेल्या मेंढीला तेल पाजले तर दूध वाढेल का? जिंतूर-गंगाखेडकडच्या वाड्यावर हा प्रश्न कोणी विचारतो, तेव्हा त्यामागे परदेशातल्या प्रयोगांची ऐकीव कीर्ती असते. स्पेनमध्ये, सार्डिनियात असे प्रयोग झाले हे खरे. तिथे मेंढीचे दूध चीजसाठी विकले जाते. जवसाचे किंवा सूर्यफुलाचे तेल आहारात दिले की त्या दुधातली स्निग्धाम्ले माणसाला अधिक मानवणारी होतात. आपली दख्खनी मेंढी दूध देते ते कोकराला. तेव्हा आपला हिशेब कोकराच्या वजनाचा.

करडईच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलेइक आम्ल असते, म्हणून डॉक्टर ते आपल्याला खायला सांगतात. मेंढीच्या कोठीपोटात मात्र जिवाणू त्याला हायड्रोजन जोडतात आणि बहुतेक आम्लाचे रूपच पालटते. थोडा भाग वाचतो, थोडा अर्धवट बदलून दुधात उतरतो. प्रयोग करणाऱ्यांना रस आहे तो त्याच्यात. तेल जास्त झाले तर तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. कडबा पोटात पडून राहतो, भूक मरते, लेंडी पातळ होते. दूध वाढवायला गेलो आणि चाराच पचेना, अशी गत. म्हणून एकूण आहाराच्या शुष्क भागात स्निग्धांश 5 ते 6 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, आणि चाऱ्यात मुळात असलेले दोनेक टक्के त्यातच धरावेत.

तीस किलोची दुभती मेंढी दिवसाला सव्वा किलोच्या आसपास शुष्क चारा-खाद्य खाते. तिला वरून 30 ग्रॅम तेल पुरे. पण बाटली आणायची कशाला? करडईच्या बीत 28 ते 30 टक्के तेल असते. 100 ग्रॅम भरडलेल्या करडईत तेवढे तेल आले. जवस 75 ग्रॅम पुरतो. बीतले तेल कोठीपोटात सावकाश सुटते, सोबत प्रथिनेही येतात. सुरुवात चिमूटभराने करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यावे. भरड रोजची रोज करावी. खवट झालेली भरड मेंढी तोंडात घेत नाही, आणि तिचे बरोबरच असते.

ढेपेचाही विचार करा. घाण्याच्या ढेपेत 6 ते 8 टक्के तेल राहते, तेल काढून घेतलेल्या ढेपेत (डीओसी) जेमतेम एक. घाण्याची ढेप खाणाऱ्या मेंढीला वरून तेल देताना ढेपेतले तेल आधी वजा करा. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. लहान कोकरांना ती देऊ नका.

परभणी जिल्ह्यात करडईचे बी परके नाही. ज्वारीत करडईचे पाटे टाकणारी ही माती. कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’ वाणाचे नाव देशभरातल्या करडई उत्पादकांना ठाऊक आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने तर करडईचे वाणही काढले आणि दख्खनी मेंढीवर पैदाशीचे कामही केले. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ दोन्ही एकाच गावात आहेत. करडई कमी होऊन सोयाबीन वाढले, याची चर्चा इथे पुष्कळ होते. मेंढीच्या गव्हाणीत करडईला गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो.

पशुवैद्यक मित्रांनो, येत्या विणीच्या हंगामात एका वाड्यावर दहा मेंढ्यांना करडईची भरड सुरू करा, दहा तशाच ठेवा. दर पंधरवड्याला कोकरे तराजूवर घ्या, भरडीचा खर्च लिहा. फरक पडला नाही तरी नोंदी आमच्याकडे पाठवा, तशाही छापू.