मनाची साक्ष

मंडळी, उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण नुसते पान खुडून गप्प बसत नाही. मुळाशी पाणी साचले का, खत कमी पडले का, ते बघतो. राग, दुःख, लाज यांचेही तसेच आहे. या भावना दाबून टाकल्या म्हणजे परमार्थ साधला, असे पुष्कळांना वाटते. आपल्या संतांची रीत वेगळी होती.

देहूच्या तुकाराम महाराजांचे बघा. घरात वाण्याचा धंदा, जोडीला सावकारी. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. थोरली बायको भुकेने गेली, धंदा बसला, मान गेला. या साऱ्याची आपल्याला लाज वाटली, जीव त्रासून गेला, हे महाराजांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. त्या दुःखातूनच पडझड झालेले देऊळ नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे कर्जखतांतला निम्मा वाटा त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते. घरात भूक पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारी वसुलीला जाववले नसेल. खऱ्याखोट्याचा निवाडा करताना त्यांनी चारचौघांपेक्षा आपल्या मनाची साक्ष मोठी मानली.

पण मनात येईल ते करावे, असा याचा अर्थ नव्हे. भावकीतल्या कुणी बांध कोरला की राग येतो. काहीतरी खुपले आहे, एवढे तो राग खरे सांगतो. कुऱ्हाड उचलायची की मोजणीचा अर्ज करायचा, हे मात्र रागाला विचारू नये. एक रात्र जाऊ द्यावी, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, मग ठरवावे.

आणि काही वेळा मन आपल्यालाच टोचते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर सून तळाशी उरलेले कालवण घेऊन बसते. ते पाहून सासूबाईंच्या मनात क्षणभर कालवते, आणि ‘आमच्या वेळीही असेच होते’ म्हणून त्या तो विचार बाजूला सारतात. आयांनो, तो विचार सारू नका. ती टोचणी खरी आहे. देवापुढे दिवा लावताना तिची आठवण ठेवा, आणि आज रात्री सुनेचे ताट आपल्या ताटाबरोबरच वाढा.