गिझर घेताना आधी मातीकडे पाहा



धुळ्याच्या थंडीबद्दल धुळेकरांना वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पूर्वी मोरीजवळ तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत कपाशीच्या काड्या आणि लाकडाचे तुकडे टाकले की घरभर आंघोळीचे पाणी तापायचे. आता जळण राहिले नाही, मोरीची बाथरूम झाली आणि बंबाच्या जागी गिझर आला. कष्टाच्या पैशातून घरात एक सोय आली याचा आनंदच आहे. पण बंबाचा धोका डोळ्यांना दिसत होता, गिझरचा दिसत नाही. म्हणून आज त्याविषयी.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून आम्ही पंधरा लिटरचा गिझर घेतला. बसवायला आलेल्या माणसाने अर्ध्या तासात तो भिंतीला लटकवला, जवळच्या बोर्डात पिन खुपसली आणि चहा घेऊन तो गेला. आठ दिवसांनी सौभाग्यवती म्हणाल्या, "आहो, नळले हात लावा का मुंग्या येतस." मी म्हटले, थंडीने येत असतील. पेपरातून मान वर न काढता म्हटले, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलीने नळाला हात लावला आणि ओरडून मागे सरली. शेजारच्या म्हातारीने नजर काढायला सांगितले. आम्ही मात्र ओळखीच्या परवानाधारक वायरमनला बोलावले. त्यांना सगळे नाना म्हणतात.

नानांनी मेन बंद करून बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावले. "भाऊसाहेब, प्लग तीन पिनांचा आहे. पण तिसऱ्या भोकाची तार कुठे गेली बघा." ती जमिनीत गेलीच नव्हती. वीतभर तुकडा घेऊन ती शेजारच्या न्यूट्रलला जोडून दिली होती. बाहेरून येणारा न्यूट्रल सैल झाला होता, म्हणून वीज गिझरच्या अंगावरून नळापर्यंत येत होती. तो न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर पुरे २३० व्होल्ट ओल्या हातात आले असते. नशीब, नजर यांचा इथे काही संबंध नव्हता. कारण होते, ते सापडले आणि दुरुस्त झाले.

अर्थिंगचे काम समजायला सोपे आहे. गिझरच्या आतली कॉइल फुटली किंवा तार सैल झाली तर वीज लोखंडी टाकीवर आणि पाण्यात उतरते. तिला जमिनीत जायला जाड तारेची मोकळी वाट असेल तर ती त्या वाटेने जाते आणि स्विच पडतो. वाट नसेल तर ती नळ धरणाऱ्या माणसातून जाते. आमच्या चाळीत कोणाकडेच खरे अर्थिंग नव्हते. घरमालक म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. आम्ही चार घरांनी वर्गणी काढली, खड्डा घेतला, पाइप उभा करून कोळसा-मीठ भरले आणि प्रत्येक घरात हिरवी तार नेली. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओततो. चौघांत वाटल्यावर खर्च एकाही घराला जड गेला नाही.

गिझर बसवताना वायरमनला पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि पैसे देण्याआधी स्वतः पाहाव्यात.

टाकीवर आयएसआय मार्क असावा. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्या-पंख्याच्या लहान प्लगवर तो चालवला तर प्लग वितळतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी हवी. मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळू लागताच तो क्षणात लाइन तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. भरलेल्या गिझरचे वजन बरेच असते. पातळ आडभिंतीवर तो टांगू नये.

पाण्याचे पथ्य आपल्याकडे जास्त महत्त्वाचे. धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही आणि वरची टाकी कोरडी पडते, हे आपण सारे जाणतो. अशा वेळी गिझरमधले पाणी उलटे उतरून गेले आणि बटण चालू राहिले तर कॉइल जळते. म्हणून गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार आल्याशिवाय बटण दाबू नये.

गिझरच्या खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडे पाणी ठिबकते. लोक तिथे एम-सील लावतात. असे कदापि करू नये. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर नेले तर ते पाव लिटरच्या जवळपास वाढते. त्याला बाहेर पडायला तीच वाट असते. ती बुजवली आणि थर्मोस्टॅटही बिघडला तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

बोअरचे पाणी जड असेल तर कॉइलवर क्षारांचा थर बसतो. मग गिझर खडखड करतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. दरवर्षी थंडीच्या आधी वायरमनकडून टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्यावी. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपत आली असेल तर बदलावी, म्हणजे टाकी गंजत नाही. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर पुरे. पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या गिझरला वीस-पंचवीस मिनिटे आणि पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढेच गार पाणी मिसळले की दोन बादल्या होतात. दिवसभर बटण चालू ठेवण्याचे कारण नाही.

गिझर तापेनासा झाला तर कटआउट पडला असेल. तो एकदा चढवून पाहायला हरकत नाही. पुन्हा पडला तर तो काहीतरी सांगतो आहे असे समजावे आणि वायरमनला बोलवावे. मेन बंद केल्याशिवाय झाकण कोणीही उघडू नये.

गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. महाराष्ट्रात आंघोळ करता करता माणसे त्याने दगावली आहेत. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. आणि ज्यांच्याकडे अजून रॉड आहे त्यांनी लोखंडी बादली वापरू नये. रॉडची पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

अर्थिंगची खात्री होईपर्यंत एक नियम पाळा. पाणी तापवा, बटण बंद करा, पिन काढा, मगच आंघोळीला जा.

आमच्या घरात आता एक सवय लागली आहे. घरातले कोणी "हाताला मुंग्या येतात" म्हटले की आधी मेन बंद होतो, प्रश्न नंतर विचारले जातात. त्या दिवशी मी पेपर खाली ठेवला असता तर मुलीला झटका बसला नसता. आपल्या घरी कोणी असे म्हटले तर आपण तो लगेच खाली ठेवावा, एवढीच विनंती.