अर्जातील एक रकाना

पक्षाचे एक जुने कार्यकर्ते अलीकडे घरी आले होते. मुलगी बारावीला आहे आणि गणितात तिची गती असामान्य आहे. तिला अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयात पदवीसाठी पाठवावे, असे नातेवाइकांनी सुचविले. अर्ज तयार करून देणाऱ्या एका सल्लागाराने काही लाखांचा आकडा सांगितला आणि वर बजावले, "आर्थिक मदत हवी असे मात्र लिहू नका." "म्हणजे गरिबी लपवायची का?" हा साथींचा प्रश्न. उत्तर देताना मला संकोच वाटला. कारण सल्लागार धंदेवाईक असला तरी त्याच्या म्हणण्यात तथ्य होते.

'आपण आर्थिक मदत मागणार आहात काय?' असा एक रकाना या अर्जात असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि आणखी मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्यांची निवड करतानाही त्याकडे पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. बाकीच्या बहुतेक नामांकित संस्था पाहतात. अमेरिकन विद्यार्थ्याला मिळणारे केंद्र सरकारचे अनुदान परदेशी विद्यार्थ्याला नाही. सारा भार संस्थेच्या निधीवर. वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे, म्हणजे सुमारे ७० लाख रुपये. साहजिकच तुल्यबळ दोन अर्जांपैकी 'नाही' लिहिणाऱ्याचे पारडे जड होते. आणि आज 'नाही' लिहून उद्या मदत मागावी, तर अनेक ठिकाणी चारही वर्षे ती वाट बंद असते. सल्लागाराने हे सांगितले नव्हते. गिऱ्हाईक पाहून किंमत ठरविणे अर्थशास्त्राला नवे नाही. पण येथे गिऱ्हाईकाची ऐपतच त्याच्या गुणवत्तेत जमा होते!

'सर्वांगीण मूल्यमापन' या भारदस्त शब्दाचा इतिहासही पाहावा. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादा अध्यापकांनी नाकारली. मग 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' असे मोजता न येणारे निकष आले आणि काम साधले. आज त्याच निकषांचा लाभ कोणाला होतो? २०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की परीक्षेतील गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील अमेरिकन मुले अशा बारा संस्थांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पोहोचतात. खुद्द तेथल्या मध्यमवर्गाची ही गत! आपल्याकडे तर मुंबईतील महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिफारसपत्रे लिहिण्यासाठी पगारी समुपदेशक असतो आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शंभरांच्या वर्गातील मुलीचे नाव प्राध्यापकाला ठाऊक असले तरी पुष्कळ.

त्याच १९२२ साली जयप्रकाशजी अमेरिकेत उतरले. द्राक्षांच्या मळ्यांत राबून, उपाहारगृहांत बशा धुऊन ते शिकले. बर्कलेची फी परवडेना तेव्हा आयोवाला गेले. आमच्या पिढीला ती हकीकत पाठ आहे आणि तिचा दाखला देऊन मुलांना 'जिद्द धरा' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. आज पहिल्या वर्षाचा पैसा आधी दाखवल्याखेरीज विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. पहिले वर्ष विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही आणि आवारातही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना, दोन्ही पदव्युत्तर शिक्षणापासून पुढे. पहिल्या पदवीसाठीही सरकारी पैसा मागावा, असे काही तरुण साथी म्हणतात. मला ते पटत नाही. ७० लाखांत येथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाला कितीतरी शिक्षक मिळतील. पदव्युत्तर शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवा, ही मागणी मात्र रेटली पाहिजे.

मुलीने रकान्यात 'हो' लिहायचे ठरविले आहे. मदतीकडे न पाहता निवड करणाऱ्या पाच संस्थांनाच अर्ज जातील. अर्जाची फी माफ करून घेता येते, तीही मागितली आहे. हार्वर्डमध्ये शंभरांतून जेमतेम चौघे निवडले जातात, हे मी तिला स्पष्ट सांगितले. पुण्याच्या महाविद्यालयाचा अर्जही तयार ठेवायचा आहे. शिफारसपत्र तिच्या गणिताच्या बाई लिहीत आहेत. असे पत्र त्यांनी आजवर कधी लिहिलेले नाही. तिसरा मसुदा काल माझ्याकडे आला.