उमऱ्याची तयारी, खडवलीची बेफिकिरी

आपल्या घरातून कुणी हजला किंवा उमऱ्याला निघाले की महिनाभर आधी तयारी सुरू होते. हजला जाणाऱ्याला मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते. गुडघेदुखीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्राच्या झेरॉक्स, सगळे नीट बांधले जाते. कुणाचा मुलगा स्वीडन-नॉर्वेकडे फिरायला निघाला, तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तोही आपण बिनतक्रार काढतो. दूरच्या प्रवासात धोका असतो, हे आपल्याला पटलेले आहे.

पण तेच घर बासी ईदच्या दिवशी पोरांना खडवलीला सोडते, तेव्हा विचारते फक्त एवढेच, "बिर्याणीचा डबा घेतला ना?"

कल्याणहून कसारा लोकल धरली की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. तिकीट स्वस्त, नदी जवळ. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, उल्हासनगर, कुठूनही यावे आणि संध्याकाळी घरी परतावे. लोक येतात यात गैर काही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला वाहते पाणी बघायचा हक्क आहे. प्रश्न असा आहे की दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात इथून बुडाल्याच्या बातम्या येतात. बहुतेक बातम्या तरुण मुलांच्या असतात, आणि तरीही पुढच्या सुट्टीला येणाऱ्यांना कुणी काही सांगितलेले नसते.

इथे नेमका धोका काय? ही भातसा नदी. वर शहापूर तालुक्यात तिच्यावर धरण आहे, मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा तिथून जातो. खडवलीला ऊन पडले असले तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. धरणाचे दरवाजे उघडले की खालची पातळी वाढते. त्याचा इशारा काठच्या गावांना दिला जातो, पण लोकलमधून नुकत्याच उतरलेल्या पोराच्या कानावर तो पडतोच असे नाही. उन्हाळ्यात नदी शांत दिसते, पण तिचा तळ सारखा नाही. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की डोह लागतो. पोहता न येणारा तिथे घाबरतो, वाचवायला आलेल्या मित्राला मिठी मारतो, आणि एकाऐवजी दोन जनाजे उठतात.

प्रवाशाला सावध कसे करावे, हे उत्तर युरोपातल्या देशांकडून शिकण्यासारखे आहे. आइसलँडमध्ये रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथल्या फसव्या लाटांनी पर्यटकांचे जीव घेतले. तिथे आता सिग्नलसारखे दिवे आहेत, त्या दिवशी समुद्र कसा आहे ते येणाऱ्याला रंगावरून कळते. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नियम आहेत, त्यातल्या एकाचा अर्थ असा की वेळीच मागे फिरण्यात लाज नाही. आणि स्वीडनच्या शालेय अभ्यासक्रमात सहावीच्या अखेरीस मुलाला 200 मीटर पोहता यावे, त्यातले 50 मीटर पाठीवर, अशी अपेक्षा आहे. मुलगा असो वा मुलगी.

आपल्याकडे काय होते? पावसाळ्यात प्रशासन नदी-धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते. ते योग्यच आहे. पण आदेश नदीकाठी लागतो आणि सहल ठरते मोहल्ल्यात. सल्ला द्यायचा तर तिथे द्यायला हवा.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येते, "मौत लिखी थी." बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा मिळतो, असेही सांगितले जाते. हदीसमध्ये तसे आहे, आणि लेकरू गमावलेल्या आईला त्याचा आधार मोठा आहे. तो आधार तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण तो दुःखावरचा मलम आहे, बेफिकिरीचा परवाना नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असेच उत्तर मिळाले होते. स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनचीच ताकीद आहे.

सध्या बकरी ईद मे-जूनच्या आसपास येते. म्हणजे ऐन उकाडा, शाळेला सुट्टी किंवा पहिला पाऊस. त्याआधीच्या जुम्म्याला इमामसाहेबांनी पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. पाणी गढूळ झाले किंवा चढू लागले की सामान सोडून बाहेर यायचे. बुडणारा नेहमी ओरडत नाही, म्हणून लहानांवरची नजर हटवायची नाही. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी न मारता दोरी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा डबा फेकायचा, गावातल्या पोहणाऱ्यांना हाक मारायची आणि 112 किंवा 108 ला फोन करायचा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगायचे नाही, पोट दाबायचे नाही. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबत राहायचे. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच.

मी शिक्षिका आहे, म्हणून शाळांबद्दलही बोलते. उर्दू असो की मराठी, आपल्या शाळांत नदीवर निबंध लिहून घेतला जातो, नदीत तरंगायला शिकवले जात नाही. पालिकेच्या तलावात सुट्टीत सवलतीचे वर्ग घ्या, मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक द्या, ही मागणी आपल्या जमातींनी आणि पालक सभांनी लेखी करायला हवी. शादी हॉलसाठी वर्गणी जमते, तशी यासाठीही जमू शकते. पुढच्या बासी ईदला खडवलीला जरूर या. डब्यासोबत एक लांब दोरी घ्या, आणि निघण्यापूर्वी मुलांना पाण्याचे नियम सांगूनच घराबाहेर पडा.