सरकारी अहवाल आणि आपण

मोठा रस्ता, धरण वा खाण व्हावयाची, कीं सरकार तज्ज्ञांची समिति नेमतें, समिति अहवाल सादर करते आणि अहवाल कपाटांत जाऊन बसतो. हें सरकारदरबारचें दप्तर. संसारी माणसाला त्याच्याशीं काय कर्तव्य, असें सुशिक्षित घरांतूनही म्हटलें जातें. हा समज किती महागांत पडतो, तें सह्याद्रीविषयींच्या अहवालांनीं दाखविलें आहे.

पश्चिम घाटाच्या रक्षणासाठीं २०१० सालीं केंद्र सरकारनें श्री. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. २०११ च्या ऑगस्टअखेर अहवाल सरकारच्या हातीं आला. परंतु लोकांस तो पाहावयास मिळाला २०१२ च्या मे महिन्यांत, आणि तोही माहितीच्या अधिकाराखालीं झगडून, दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर. अहवाल अद्याप विचाराधीन आहे, हें सरकारचें एक कारण. पण धोरण ठरून गेल्यावर लोकांचें मत विचारण्यांत अर्थ तो काय उरला?

संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन वर्ग अहवालानें सुचविले होते, आणि अंतिम निर्णयापूर्वीं ग्रामसभांचें मत घ्यावें असेंही म्हटलें होतें. गांवोगांवीं मात्र अहवालाच्या आधीं अफवा पोंचली. शेती बुडणार, माणसें उठविलीं जाणार, या भीतीनें लोक बिथरले. श्री. कस्तुरीरंगन यांच्या दुसऱ्या समितीनें २०१३ सालीं संवेदनशील क्षेत्र सुमारें ३७ टक्क्यांवर आणलें. पुढें २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजीं. आदल्याच पहाटे वायनाडांत दरडी कोसळून शेंकडों माणसें मृत्यु पावलीं होतीं.

भाषेची अडचण आहे, हें आम्हांस मान्य आहे. २०२० सालीं प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीविषयीं नवा मसुदा निघाला, तेव्हां तो आठव्या अनुसूचींतील सर्व भाषांत द्यावा, असें दिल्ली उच्च न्यायालयास सांगावें लागलें. म्हणूनच ज्यांस इंग्रजी येतें, त्यांच्यावरील भार अधिक.

आमच्या कित्येक वाचकांचीं मूळ घरें कोंकणांत वा घाटमाथ्यावर आहेत. सहाव्या मसुद्यावर हरकती देण्यास साठ दिवसांची मुदत होती. अशा वेळीं घरांतील एकानें मसुदा वाचावा, रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो सर्वांस समजावून सांगावा आणि गांवाकडील भाऊबंदांस मराठींत त्याचें सार कळवावें. आपल्या गांवाचें नांव यादींत आहे काय, हें प्रथम पाहावें. झऱ्याचें पाणी केव्हां आटतें, दरड कोठें सरकते, हें घरांतील वडील स्त्रियांस पुष्कळदां अधिक ठाऊक असतें; त्यांस अवश्य विचारावें. मग हरकत असो वा संमति, ती सहीनिशीं पाठवावी.

काम उभें राहिल्यावर केलेली हळहळ कोणत्याही दप्तरांत नोंदली जात नाहीं. मुदतींत पाठविलेल्या पत्राला निदान आवक क्रमांक तरी मिळतो.