इंजिन सहा दिवसांत बसलं, जीप चौऱ्याण्णव दिवस उभी राहिली



मागच्या महिन्यात कामठी रोडवर एका गॅरेजवाल्या भावाकडे बसलो होतो. गॅरेज चार गाड्यांचं. त्यातली एक जागा जुन्या महिंद्रा एमएम 540 जीपने अडवलेली. बॉनेट उघडं, आत स्कॉर्पिओचं 2179 सीसीचं एमहॉक इंजिन, आणि डॅशबोर्डखाली वायरींचा नुसता गुंता. विचारलं, "किती दिवस झाले?" तर म्हणे, "चौऱ्याण्णव, सर. इंजिन तर सहा दिवसांतच बसवलं होतं ना."

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. काम उक्तं घेतलं होतं, मजुरी 85,000, मुदत 25 दिवस. रोजच्या सर्व्हिसिंगमधून त्याची एक जागा सामानाचा खर्च वजा जाता दिवसाला साधारण 1,500 रुपये देते. म्हणजे 25 दिवसांचे 37,500 बुडाले असते आणि 85,000 आले असते, सौदा छान होता. 94 दिवसांचे मात्र 1,41,000 होतात. 56,000 चा खड्डा, आणि त्यावर बाहेरून आणलेल्या इलेक्ट्रिशियनचे 18,000. जीप अजूनही चालू नाही!

हा भाऊ काही अडाणी कारागीर नाही. त्याच्या वडिलांनी अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं त्याने लहानपणी बघितलंय. तेव्हा फाउंडेशन वेल्ड करा, शाफ्ट कापून जुळवा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढा, की गाडी निघाली. त्या इंजिनाला वीज लागायची ती सुरू करतानाच. या जीपचं मूळ प्यूजो डिझाइनचं 2112 सीसीचं डिझेलही त्याच जातीचं. वडिलांचा तोच अंदाज मुलाने एमहॉकला लावला, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली.

कॉमन रेल इंजिन ईसीयूच्या हुकमावर चालतं. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, पायाखालचं इलेक्ट्रॉनिक पेडल, सगळ्यांचे सिग्नल बरोबर आले तरच तो इंजेक्टर उघडतो. इमोबिलायझरला ओळखीची चावी दिसली नाही तर इंजिन सुरूच होऊ देत नाही. काही सिग्नल हरवले तर गाडी सुरू होते, पण लिम्प मोडमध्ये रांगते. आपल्या भावाने भंगारातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ईसीयू आणला. हार्नेस मात्र कापलेला, चावी नाही, पेडल दुसऱ्याच गाडीचं. पैसे वाचवले 12,000. त्यात जीपची गंजलेली अर्थिंग, म्हणजे सकाळी एक एरर, संध्याकाळी दुसरी. जुन्या टाकीतला गंज तर हजार बारच्या वर दाब घेणाऱ्या इंजेक्टरचा काळच. आणि रेडिएटर? नागपुरात नवतप्यात ट्रायल घ्या म्हणजे कळेल.

आता काही जण म्हणतील, सर, कंपन्यांनी हेच तर केलं. खरंय. आपल्या मुंबईच्या प्रीमियरने 1985 साली 118 एनई आणली, बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निस्सानचं. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं 1.8 लिटर इंजिन टाकलं. पण कारखाना एकदा डोकं लावतो, मंजुरी घेतो आणि तो खर्च हजारो गाड्यांवर वाटतो. तुम्ही एका जीपसाठी पहिल्यापासून शोध लावता आणि सगळा खर्च त्या एकाच गिऱ्हाइकाच्या, किंवा तुमच्या, डोक्यावर बसतो.

त्याहून मोठा धोका कागदाचा आहे, आणि त्यावर गॅरेजवाले सगळ्यात कमी बोलतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मंजूर सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किटला कायद्यात वाट आहे, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं. स्कॉर्पिओचं इंजिन 540 मध्ये या वाटेत बसत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर आरसीशी ताडला, तर गिऱ्हाईक कोणाच्या दारात येईल? आणि साठेक अश्वशक्तीच्या गाडीचे ड्रम ब्रेक तसेच ठेवून दुप्पट ताकद देणारा कोण, हेही विचारलं जाईल.

म्हणून माझं मत सरळ आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी, आरसीवर चढणार नाही असं स्वॅप घेऊच नका, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो. परवानगीत बसणारं काम असेल तर इंजिन फिटिंग उक्तं घ्या, वायरिंग कधीच उक्तं घेऊ नका. त्याचे तास लिहा, दर आठवड्याला पैसे घ्या. इंजिन कुठल्या गाडीचं, त्याचं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पाना उचलू नका, चोरीच्या मालाचा ताप वेगळाच असतो. आणि अख्खी अपघाती गाडी मिळत असेल तर हार्नेस, चावी, पेडल, मीटर सगळं एकाच गाडीचं घ्या.

भावाने जीपच्या मालकाला बोलावून खरं सांगितलं. भांडण झालं, थोडं जोरातच. शेवटी अर्धी मजुरी परत करून, जुनं इंजिन ओव्हरहॉल करून परत बसवायचं ठरलं. चौदाव्या दिवशी जीप बाहेर पडली. परवा एक जण जिप्सी घेऊन आला, "डिझेल टाकून दे ना भाऊ" म्हणाला. भावाने आधी आरसी मागितली. तो दुसऱ्या गॅरेजला गेला, आणि त्या जागेवर दुपारपर्यंत दोन सर्व्हिसिंग झाल्या.