दाजींचा बसलेला आवाज

गेल्या भाऊबीजेला जालन्याला ताईकडे गेलो. दारात दाजींनी "या, या" म्हटले म्हणे. मला ऐकूच आले नाही. दाजी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. तिथे लालभडक सळी सुटताना "बाजूला व्हा!" ही आरोळी पोचलीच पाहिजे. आणि यांच्या तोंडून नुसती हवा!

"धुरानं घसा बसलाय," ताई म्हणाली. दोन महिने हळद-दूध आणि ज्येष्ठमध चालू होते. पाणी पिताना ठसका लागे, जिना चढताना धाप. धाप आम्ही वयाच्या खात्यावर मांडून मोकळे झालो होतो.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि "ई" म्हणायला लावले. उजवा स्वरतंतू हलला, डावा जागचा हलेना. "घसा ठीक आहे," ते म्हणाले, "बिघाड वाटेत आहे."

ही वाट मोठी गमतीची, बरे का! डाव्या स्वरतंतूची नस मेंदूकडून निघते, पण गळ्याशी न थांबता थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि मग परत वर येते. या वाटेवर कुठेही ती दबली की आवाज गेला. नेहमीची कारणे म्हणजे थायरॉइडचे ऑपरेशन किंवा फुप्फुसातली गाठ. म्हणून कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन झाला. तो निघेपर्यंत ताईने देव पाण्यात ठेवले होते. गाठ नव्हती. मात्र हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलेला दिसला.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" डॉक्टरांनी विचारले. दाजींना आठवले; चौथीत असताना महिनाभर शाळा बुडाली होती. त्या सांधेज्वराने हृदयाची झडप आखडली होती. इकोत ते स्पष्ट झाले. कप्पा फुगला, त्याने फुप्फुसाची धमनी वर ढकलली, आणि ती व महाधमनी यांच्यात नस चिमटली. व्हिएन्नाच्या ऑर्टनर या डॉक्टरांनी 1897 साली हे प्रथम वर्णिले. कारण विरळाच, पण सांधेज्वर आपल्याकडे अजून आहे.

छत्रपती संभाजीनगरला मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप उघडली. धाप लगेच कमी झाली. आवाजाची मात्र हमी डॉक्टरांनी दिली नाही.

परवा फोन वाजला. "कोण बोलतंय?" मी विचारले.

"अहो, दाजी! यंदा भाऊबीजेला येताय ना?"